आरसेपच्या दारातून परत : लाभ कोणाचा, तोटा कोणाचा?

नांदेड व लातूरच्या पेठेत परदेशी मालाचा विषय निघाला की हटकून दोन मते ऐकू येतात. एक म्हणतो, सरकारने तो आशियाई करार सोडला म्हणून आपण वाचलो, नाहीतर चिनी मालाने दुकानेच बंद पडली असती. दुसरा म्हणतो, करार सोडला आणि आपली निर्यात बुडाली. आम्हांला दोन्ही मते अर्धवट वाटतात. ज्या करारावर आपण सहीच केली नाही त्याच्या नावावर किती नफा आणि किती तोटा मांडायचा, हे एकदा नीट तपासले पाहिजे.

आधी करार काय होता ते पाहू. नोव्हेंबर २०१२ मध्ये नॉमपेन्ह येथे 'प्रादेशिक सर्वंकष आर्थिक भागीदारी'ची बोलणी जाहीर झाली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला आरसेप म्हणतात. आसियान संघटनेचे १० देश, त्यांच्या जोडीला चीन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि भारत, असे १६ देश त्यात होते. एकमेकांच्या मालावरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने कमी करत बहुतेक वस्तूंवर शून्यावर आणायचे, हे त्याचे सार. सात वर्षे बोलणी चालली आणि ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉक येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी भारत सामील होणार नसल्याचे सांगितले. उरलेल्या १५ देशांनी १५ नोव्हेंबर २०२० रोजी सह्या केल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून करार लागू झाला.

म्हणजे काटेकोर बोलायचे तर भारत गटातून 'बाहेर पडला' नाही. दारापर्यंत जाऊन परत आला. हा फरक मोठा आहे. ब्रिटनने २०१६ मध्ये मतदान घेऊन युरोपीय संघ सोडला तेव्हा तो देश जवळजवळ अर्धशतक आत राहिलेला होता. १ जानेवारी २०२१ पासून तेथील दुकानदाराला फ्रान्समधून माल मागवायला पूर्वी कधी न भरलेले कागद भरावे लागले. आपल्याकडे तसे काही झाले नाही. ४ नोव्हेंबरला जे शुल्क होते तेच ५ नोव्हेंबरलाही होते.

शुल्काच्या भिंतीआड राहणे म्हणजे काय, हे मराठवाड्याला मात्र नवे नाही. निजामाच्या राज्यात आपला मुलूख होता तोवर करोडगिरी खाते होते, हाली सिक्क्याचे नाणे वेगळे होते, आणि सात हाली रुपयांना सहा कलदार असा हिशेब घरोघर पाठ होता. बार्शी इंग्रजी मुलखात, लातूर निजामाच्या. बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी १९११ मध्ये लातूरला पोचली ती ही सरहद्द ओलांडूनच. सप्टेंबर १९४८ च्या कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात आले, पुढे करोडगिरी गेली आणि हाली सिक्काही १९५९ मध्ये कायमचा रद्द झाला. (आम्ही येथे मुद्दाम 'शुल्क' हा शब्द वापरतो. मराठीत त्याला जकातही म्हणतात, पण आपल्या वाचकांच्या मनात जकात म्हटले की फर्जच उभा राहतो, आणि दोहोंची गल्लत नको.)

आता नकाराची कारणे. पहिले कारण आकड्यांचे. २०१८-१९ मध्ये या १५ देशांशी भारताची व्यापारी तूट सुमारे १०५ अब्ज डॉलर होती. पैकी एकट्या चीनशी सुमारे ५३ अब्ज. दुसरे कारण दुधाचे. न्यूझीलंडची दूधभुकटी स्वस्तात आली तर दोन-चार म्हशी पाळणाऱ्याचे काय, हा प्रश्न सहकारी दूधसंघांनी लावून धरला. या एका बाबतीत शेतकरी संघटना, कामगार संघटना, स्वदेशी जागरण मंच आणि काँग्रेस पक्ष एका बाजूला दिसले. असे क्वचितच घडते. तिसरे कारण असे की शुल्क कोणत्या वर्षाच्या दरापासून खाली आणायचे, यावर वाद होता. मसुद्यात २०१४ हे वर्ष होते. मधल्या काळात भारताने अनेक वस्तूंवर शुल्क वाढवले होते, म्हणून आपण २०१९ मागत होतो. एकाएकी आयात वाढली तर शुल्क आपोआप चढावे, ही तरतूदही भारताला हवी होती. ती मनासारखी मिळाली नाही.

चौथे कारण व्यापाऱ्याने विशेष समजून घ्यावे असे आहे. ते म्हणजे मालाचे मूळ. सवलत मिळते ती त्या देशात बनलेल्या मालाला. पण बनलेला म्हणजे काय? आपल्या शेजारच्या बिदरचा कारीगर जस्त आणि तांबे बाहेरून घेतो, त्यावर चांदीची तार बसवतो, काळे करतो आणि हुक्का किंवा सुरई घडवतो. धातू कोठलाही असो, वस्तू बिदरची. हे खरे रूपांतर. याउलट, नेपाळात पामची झाडे नाहीत, सोयाबीनही जेमतेम. तरी दक्षिण आशियाई करारातील शून्य शुल्काचा फायदा घेऊन तेथून शुद्ध केलेले पामतेल व सोयातेल भारतात येत राहिले. कच्चे तेल दुसऱ्याच देशाचे, नेपाळात फक्त शुद्धीकरण. एवढ्या छोट्या शेजाऱ्याच्या वाटेने हे होते, तर १५ देशांच्या वाटेने चिनी माल व्हिएतनामचा शिक्का मारून आला असता, ही धास्ती पोकळ नव्हती.

म्हणून नकार योग्य होता असेच आम्ही म्हणू. पण पुढचा आकडाही पाहा. करारात न जाताही चीनशी असलेली तूट २०२४-२५ मध्ये सुमारे ९९ अब्ज डॉलरवर गेली. म्हणजे पाच-सहा वर्षांत जवळजवळ दुप्पट. मोबाईलचे सुटे भाग, यंत्रे, औषधांचा कच्चा माल, सौर पॅनेल हे सारे येतच राहिले, कारण ते येथे तेवढ्या स्वस्तात होत नाही. दार बंद केले खरे, पण घरात चूल पेटवायची राहिली.

लातूरच्या मोंढ्याकडे वळू, कारण तेथे हा विषय रोजच्या भावाचा आहे. सोयाबीनचा भाव तेलावर आणि पेंडीवर ठरतो. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून मोठा हिस्सा बाहेरून येतो. पामतेल इंडोनेशिया-मलेशियाचे, आणि हे दोन्ही देश आरसेपचे सभासद. तेव्हा आरसेप नाकारून सोयाबीन वाचले असे वाटणे साहजिक आहे. परंतु आसियानशी आपला मालाचा वेगळा करार १ जानेवारी २०१० पासूनच लागू आहे. मलेशियाशी तर आणखी एक स्वतंत्र करार आहे, ज्यामुळे २०१९ मध्ये तेथील शुद्ध पामतेलावर ४५ टक्के शुल्क होते आणि इतरांवर ५० टक्के. हा पाच टक्क्यांचा फरक भरून काढायला सरकारला सप्टेंबर २०१९ मध्ये जादा शुल्क लावावे लागले. जुन्या कराराची गाठ ही अशी असते.

त्याहून मोठे हेलकावे आपल्याच सरकारच्या अधिसूचनांनी दिले. २०२१ च्या पावसाळ्यात लातुरात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेले. ऑगस्टमध्ये कुक्कुटपालकांच्या मागणीवरून केंद्राने १२ लाख टन जनुकबदल सोयापेंड आयात करायला परवानगी दिली आणि नवा माल येईतो भाव कोसळला. सप्टेंबर २०२४ मध्ये तेलावरील शुल्क वाढवले. कच्च्या तेलावर उपकरांसह २७.५ टक्के झाले. तरी त्या हंगामात ४,८९२ रुपयांचा हमीभाव असताना मोंढ्यात सोयाबीन त्याहून बरेच खाली विकले गेले. मे २०२५ अखेर कच्च्या तेलावरील मूळ शुल्क पुन्हा २० वरून १० टक्क्यांवर आणले. यातल्या एकाही निर्णयाचा आरसेपशी संबंध नाही.

तुरीचे तसेच. मार्च २०१७ मध्ये तुरीवर १० टक्के शुल्क, त्याच वर्षी आयातीवर मर्यादा, आणि मे २०२१ पासून पुन्हा मुक्त आयात. म्यानमार, मोझांबिक, मलावी, टांझानियाची तूर बंदरावर उतरते आणि तिचा भाव त्याच दिवशी लातूर-उदगीरच्या डाळमिलला कळतो. गिरणीवाल्याला ही तूर हवी असते, कारण वर्षभर यंत्र चालवायचे असते. शेतकऱ्याला ती नको. अडत्याला दोघेही सांभाळायचे असतात. २०२५ च्या सुरुवातीला ७,५५० च्या हमीभावाखाली तूर विकावी लागली तेव्हा सर्वांत जास्त बोलणी अडत्यानेच खाल्ली, हे आमच्या व्यापारी बांधवांना सांगायला नको.

आता कारीगरांबद्दल. करार नाकारून नव्हे, पण शुल्क आणि नियम हातात ठेवून काय करता येते याचे चांगले उदाहरण खेळण्यांचे आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरील शुल्क २० वरून ६० टक्के केले, पुढे २०२३ मध्ये ७० टक्के. जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक संस्थेचा शिक्का सक्तीचा झाला. सरकारी आकड्यांनुसार २०१८-१९ मध्ये सुमारे ३७ कोटी डॉलरची असलेली आयात २०२१-२२ मध्ये ११ कोटींवर आली. आरसेपमध्ये असतो तर शुल्क असे चढवणे कठीण गेले असते. हा नकाराचा खरा लाभ. मात्र मानकाचा शिक्का छोट्या कारीगरालाही अडवतो. त्यावर तोड म्हणून हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारीगराला, त्याने स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांपुरती, सूट दिलेली आहे. लाकडी खेळणी करणाऱ्यांनी ही नोंद आणि त्यांचे 'पहचान' ओळखपत्र करून घ्यावे. पैसा लागत नाही, अर्ज लागतो, आणि आपले लोक अर्जालाच कंटाळतात.

पिंजारी-नदाफ बांधवांच्या गादीकामाचे उत्तर मात्र कोणत्याच करारात नाही. फोम आणि कृत्रिम धाग्याची गादी देशातच बनते. तिच्यावर सरहद्दीचे शुल्क कोण लावणार?

बागवानांचा हिशेब उलटा आहे. न्यूझीलंडचे सफरचंद आणि किवी कमी शुल्कात आले असते तर गाड्यावर माल वाढला असता. मांसाच्या व्यापारात असलेल्यांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. म्हशीचे मांस व्हिएतनाम, मलेशिया, इंडोनेशियाला जाते ते आरसेपशिवायच. चीनचे दार त्यासाठी अडले ते लाळखुरकत रोगाच्या दाखल्यावर, शुल्कावर नव्हे. शुल्क शून्य झाले तरी दाखला अडला की माल अडतोच.

आरसेप नाकारल्यावर भारताने एकेका देशाशी स्वतंत्र करार करण्याची वाट धरली. संयुक्त अरब अमिरातीशी झालेला करार १ मे २०२२ पासून, ऑस्ट्रेलियाशी झालेला २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. ब्रिटनशी करारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या. आमच्या मते ही वाट बरी, कारण त्यात चीन नाही आणि दूध बाहेर ठेवता येते. दुबईशी ज्यांचे नातेसंबंध आहेत, आणि मराठवाड्यात अशी घरे पुष्कळ आहेत, त्यांनी तरी मालाच्या मुळाचा दाखला कसा काढतात हे शिकून घ्यावे. त्याशिवाय सवलतीचे शुल्क मिळत नाही. आणि आरसेपचे दार? सभासद देशांनी ते भारतापुरते उघडे ठेवले आहे. नव्या देशांना करार लागू झाल्यावर १८ महिने थांबण्याची अट होती, ती भारताला लावलेली नाही.