भाग २७ : सर्च केलं, पण बसच नव्हती. या डेटाचं काय करायचं?

हा आपल्या एपिसोडचा लेखी अवतार. गर्दीत नीट ऐकू आलं नसेल किंवा हेडफोन घरी राहिला असेल, तर निवांत वाचा. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युली' कमी केलेत, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा प्रश्न साधा आहे. तुम्ही ॲपला विचारता, "इथून तिथे बसने कसं जायचं?" उत्तर तुम्हाला मिळतं. पण तुम्ही विचारलेला प्रश्न कुठे जातो? आणि तो बस चालवणाऱ्या संस्थेला मिळावा का?

मी बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये आलो आणि काही काळ अशाच एका ट्रिप प्लॅनरच्या टीममध्ये होतो. कंपनी कुठली, शहर कुठलं हे सांगणार नाही, करारात तसं लिहिलंय. पण जे घडलं ते सांगतो.

डेटा एकाच दिशेने वाहतो

आधी थोडा इतिहास. २००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या ट्रायमेट या वाहतूक संस्थेने आपलं वेळापत्रक गूगलला दिलं आणि त्यातून गूगल ट्रान्झिट सुरू झालं. ते वेळापत्रक ज्या साच्यात दिलं, त्याला आज जीटीएफएस म्हणतात. प्रकरण फार अवघड नाही. स्टॉप कुठे आहेत, मार्ग कोणते, गाडी कोणत्या स्टॉपवर किती वाजता येते, हे सगळं साध्या टेक्स्ट फाइल्समध्ये लिहायचं आणि झिप करायचं. आज जगभरातल्या संस्था हेच करतात.

म्हणजे संस्था ॲपला वेळापत्रक देते आणि ॲप ते तुम्हाला दाखवतं. तुम्ही काय शोधलं, ते मात्र बहुतेक वेळा ॲपकडेच राहतं. बस चालवणाऱ्याला त्याचा पत्ताच नसतो. ट्रायमेटने पुढे २००९ मध्ये ओपनट्रिपप्लॅनर हा ओपन सोर्स प्रकल्प सुरू करायला मदत केली. संस्थेने असा प्लॅनर स्वतःच्या सर्व्हरवर चालवला, की शोधांची नोंदही तिच्याकडेच राहू शकते. पण लोक दुसऱ्या ॲपवर शोधत असतील, तर मागावंच लागतं.

तिकिटात न दिसणारी माणसं

तुम्ही म्हणाल, संस्थेकडे तिकिटांचा डेटा आहे की! आहे. पण तिकीट काढतो तो बसमध्ये चढलेला माणूस. रात्री साडेदहाला स्टॉपवर आला, शेवटची गाडी गेलेली पाहिली आणि रिक्षा करून गेला, तो तिकिटात कुठेच नाही. सर्चमध्ये आहे.

सर्चच्या एका नोंदीत साधारण एवढं असतं: कुठून, कुठे, किती वाजता निघायचंय, कोणते पर्याय दाखवले, कशावर टॅप केलं. आणि सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे, 'मार्ग सापडला नाही' असं उत्तर किती वेळा गेलं. दोनदा गाडी बदलावी लागते म्हणून लोक कुठे माघार घेतात, कोणत्या भागातून पहाटे पाचला मागणी आहे, हे इथे कळतं.

पण सर्च म्हणजे प्रवास नव्हे. रोज त्याच बसने जाणारी काकू कधीच सर्च करत नाही, तिला कंडक्टरसुद्धा पाठ आहे. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, तो इथे नाही. आणि काही जण नुसतंच गंमत म्हणून शोधतात. म्हणून हा डेटा तिकिटांच्या आणि प्रत्यक्ष पाहणीच्या शेजारी ठेवून वाचायचा. नुसत्या सर्चवर मार्ग आखले, तर फोनवाल्यांच्या सोयीचेच मार्ग आखले जातील.

माझी रांग

तर, आमच्याकडे शहराच्या बससेवेने शोधांचा डेटा मागितला. फाइल बनवायचं काम माझ्याकडे आलं. मी नावं काढली, फोन नंबर काढले आणि प्रत्येक युजरला एक भलामोठा निरर्थक कोड दिला. झालं, असं मला वाटलं.

पाठवण्याआधी शेजारी बसणारी सहकारी फाइल तपासत होती. ती सहज म्हणाली, "हा बघ. सोमवार, बुधवार, शुक्रवार, रात्री दहाच्या सुमारास हॉस्पिटलच्या स्टॉपवरून. आणि सकाळी चक्क आपल्या ऑफिसच्या स्टॉपचा सर्च. कोण असेल रे?"

तो मीच होतो. बाबांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, संध्याकाळच्या शिफ्टला असायचं. ऑफिसमध्ये मी कोणालाच सांगितलं नव्हतं. आणि मी स्वतः बनवलेल्या 'निनावी' फाइलने ते दोन मिनिटांत सांगून टाकलं.

नाव काढलं म्हणजे झालं नाही

असं घडलेलं मोठं उदाहरण आहे मेलबर्नचं. २०१८ मध्ये तिथल्या मायकी या प्रवास कार्डाचा तीन वर्षांचा डेटा एका डेटा स्पर्धेसाठी दिला गेला. सुमारे दीड कोटी कार्डं होती. कार्ड नंबर बदललेले होते, पण एका कार्डाचे सगळे प्रवास एकत्र जोडलेले होते. मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यात आधी स्वतःला शोधलं, मग सोबत प्रवास केलेल्या सहकाऱ्याला, आणि एका आमदारालाही, त्याच्या जाहीर ट्वीट्सवरून. २०१९ मध्ये तिथल्या माहिती आयुक्त कार्यालयाने यात गोपनीयता कायद्याचा भंग झाल्याचं म्हटलं.

हे का होतं? कारण आपला रोजचा रस्ता हीच आपली सही असते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ लाख लोकांचा मोबाइल डेटा तपासला होता. कोण कधी कुठे होतं, अशा फक्त चार नोंदी ९५ टक्के लोकांना गर्दीतून वेगळं काढायला पुरेशा होत्या.

मग द्यायचा कसा?

पहिला नियम: माणसागणिक रांग द्यायचीच नाही, फक्त बेरजा द्यायच्या. या विभागातून त्या विभागात, या तासात, इतके शोध. युजरचा कोड बाहेर जात नाही.

दुसरा नियम: छोटे आकडे लपवायचे. आम्ही १० ची मर्यादा ठरवली. इथे मी पुन्हा फसणार होतो. मी १० शोध मोजत होतो. पण आठवड्यातून तीनदा म्हणजे महिन्याला बारा-तेरा शोध माझे एकट्याचेच! एकटा माणूस मर्यादा ओलांडतो. म्हणून मोजायची ती १० वेगवेगळी माणसं.

तिसरा: एकूण बेरीज देताना सांभाळायचं. एकूण आकड्यातून दिसणारे आकडे वजा केले, की लपवलेला आकडा हातात येतो.

चौथा कागदावरचा: डेटा फक्त मार्ग आणि वेळा ठरवायला वापरायचा, मोजणी झाली की कच्च्या नोंदी पुसायच्या. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचंही तत्त्व हेच आहे, की ज्या कामासाठी संमती घेतली त्याच कामासाठी डेटा वापरायचा.

पण खरी अडचण पुढे आली. हे नियम लावले आणि रात्रीची हॉस्पिटलची रांग गायबच झाली. आकडा छोटा होता ना! म्हणजे जी मागणी दाखवण्यासाठी हा सगळा खटाटोप, तीच लपली. गर्दीच्या वेळची मागणी संस्थेला डोळ्यांनी दिसते, तिला आमची गरज नाही. गरज असते ती अशा एकट्यादुकट्यांची.

यावर उपाय म्हणजे डेटा बारीक करण्याऐवजी जाडसर करणं. एका तासाऐवजी 'रात्री दहानंतर' असा एकच गट केला. एका स्टॉपऐवजी आजूबाजूचे चार-पाच स्टॉप घेतले. एका महिन्याऐवजी तीन महिने. दहा दहाला गाडी हवी की दहा वीसला, हे आता कळत नव्हतं. पण रांग परत आली, आणि त्यात दहापेक्षा बरीच जास्त माणसं निघाली.

ती फाइल गेली. वेळापत्रकाच्या बैठकीत तो तक्ता ठेवला, एवढं कळलं. मी तिथे असेपर्यंत तरी गाडी सुरू झाली नव्हती.

त्या रात्री रिक्षात बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे आपल्यासारखे आणखी आहेत तर." मग थोडा वेळ बाहेर बघत बसले.

तर मंडळी, पुढच्या वेळी ॲप विचारेल, 'सेवा सुधारण्यासाठी डेटा वापरू का?', तेव्हा डोळे झाकून 'हो' नको आणि सवयीने 'नाही'ही नको. कोणाला देणार, बेरीज देणार की माझी रांग, आणि कधी पुसणार, हे तीन प्रश्न विचारा. उत्तरं नीट मिळाली, तर मी तरी 'हो' म्हणेन.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, आणि शेवटची बस चुकवू नका!