विश्लेषण : घरगुती वाइनची बरणी का फुटते? फळे आंबवण्यासाठी भांडे कसे निवडावे?

वसई आणि गोव्यातील ख्रिस्ती घरांत नाताळसाठी वाइन घालण्याची प्रथा जुनी आहे. अमेरिका, ब्रिटनमध्ये तर हा रीतसर छंद असून त्याचे साहित्य दुकानांत मिळते. फळे, साखर, यीस्ट यांचे प्रमाण सगळे काळजीने मोजतात. भांड्याचा विचार मात्र शेवटी होतो आणि मग झाकण उडते, बरणी फुटते किंवा वाइन आंबट होते.

भांड्यात नेमके काय घडते?

यीस्ट साखरेपासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. १ किलो साखर पूर्ण आंबली, तर अडीचशे लिटरहून अधिक वायू बाहेर पडतो. एवढा वायू ५ लिटरच्या घट्ट बंद बरणीत कोंडला, तर काय होईल याचा अंदाज करा. उलट, बाहेरची हवा आत येत राहिली तर जीवाणू अल्कोहोलचे व्हिनेगर करतात. म्हणून भांड्याची कामे दोन : वायू बाहेर सोडणे आणि हवा आत न येऊ देणे.

एक भांडे की दोन?

दोन असलेली बरी. पहिले पाच ते सात दिवस फेस जोरात येतो आणि फळांचा गर वर तरंगतो. तो रोज खाली दाबावा लागतो. त्यासाठी रुंद तोंडाचे, पाव भाग रिकामे राहील असे भांडे हवे. ५ लिटर वाइनसाठी ७ ते ८ लिटरची बादली पुरते. या काळात वायू सतत बाहेर पडत असल्याने वर स्वच्छ कापड किंवा सैल झाकण चालते.

फेस ओसरला की रस गाळून अरुंद मानेच्या भांड्यात भरावा, तोही मानेपर्यंत. रिकामी जागा म्हणजे हवा. तोंडावर एअरलॉक बसवावा. पाणी भरलेल्या या छोट्या नळीतून वायू बुडबुड्यांनी बाहेर जातो, हवा आत येत नाही.

काच, प्लास्टिक, स्टील की चिनी माती?

काच : चव, वास धरत नाही, आतले दिसते. दुसऱ्या टप्प्यासाठी उत्तम. मात्र गार काचेत उकळते पाणी ओतू नका, तडा जातो.

प्लास्टिक : फक्त फूड-ग्रेड. पहिल्या टप्प्यासाठी सोयीचे. तारेच्या घासणीने घासू नका, ओरखड्यांत जंतू राहतात. रंगाच्या किंवा रसायनांच्या जुन्या बादल्या नकोतच.

स्टील : ३०४ ग्रेडचे चांगले. डब्याचे झाकण घट्ट लावू नका.

चिनी माती : लोणच्याची बरणी चालते, पण मसाल्याचा वास नको. झिलई तडकलेली किंवा जुन्या, अनोळखी बनावटीची बरणी टाळा. काही झिलयांत शिसे असते आणि ते आम्लात उतरते.

तांबे, पितळ, अ‍ॅल्युमिनियम : वापरू नका. फळांचे आम्ल या धातूंवर क्रिया करते.

बाटलीत कधी भरायची?

बुडबुडे थांबले म्हणजे काम संपले असे नाही. थंडीतही यीस्ट मंदावते. हायड्रोमीटरचे वाचन काही दिवसांच्या अंतराने सारखेच येत असेल तरच बूच लावा. घाई केली तर उरलेली साखर बाटलीत आंबते आणि काच फुटून इजा होऊ शकते.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे गुन्हा आहे. ‘घरच्यापुरती’ ही सबब चालत नाही. अमेरिकेत संघीय नियमानुसार एका प्रौढाच्या घरात वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घरात २०० गॅलन वाइन स्वतःसाठी करता येते, विकता येत नाही. त्यामुळे भांडे घेण्याआधी तुम्ही राहता तिथला नियम पाहा.