खेळाडूंचे स्थाननिहाय मूल्यमापन आणि हंगामी सांख्यिकी : विदर्भातील क्रिकेटच्या संदर्भात एक विवेचन

१. प्रस्तावना

बुलढाण्याचा तिरंदाज प्रथमेश जावकर याने मे २०२३ मध्ये शांघाय येथील विश्वचषक स्पर्धेत कंपाउंड प्रकाराच्या अंतिम लढतीत नेदरलँड्सच्या माइक श्लोसर याचा १४९-१४८ असा पराभव केला. पंधरा बाणांच्या या लढतीत कमाल गुण १५० असतात. दोन्ही खेळाडूंसाठी अंतर सारखे, लक्ष्य सारखे आणि बाणांची संख्याही सारखीच होती. त्यामुळे श्रेष्ठत्व ठरविण्यास एका गुणाचा फरक पुरेसा झाला.

सांघिक खेळांत अशी सोय नसते. क्रिकेटमध्ये सलामीवीर नव्या चेंडूला सामोरा जातो, मधल्या फळीतील फलंदाज बहुधा जुन्या चेंडूवर खेळतो, तर यष्टिरक्षक दिवसभर यष्टींमागे उभा राहून मग फलंदाजीस येतो. कबड्डीत चढाईपटूचे गुण आणि कोपरा सांभाळणाऱ्या खेळाडूच्या पकडी यांची बेरीज एका रकान्यात मांडता येत नाही. तरीही निवड समितीपुढे येणारी यादी बहुतेक वेळा एकच असते आणि ती धावांच्या किंवा बळींच्या उतरत्या क्रमाने लावलेली असते. अशा यादीमुळे काही विशिष्ट स्थानांवरील खेळाडूंवर सातत्याने अन्याय होण्याचा संभव असतो. हंगामी आकडेवारीवरून खेळाडूंची स्थाननिहाय क्रमवारी कशी लावावी आणि तिचा अर्थ कोठपर्यंत ताणावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी रणजी करंडक स्पर्धेतील, मुख्यतः विदर्भ संघाच्या कामगिरीतील उदाहरणे घेतली आहेत.

२. स्थाननिहाय तुलनेची संकल्पना

या विचाराची सर्वांत पद्धतशीर मांडणी अमेरिकेतील बेसबॉलमध्ये झाली. त्या खेळातील नोंदपद्धतीचा आद्य प्रवर्तक मानला जाणारा हेन्री चॅडविक हा मूळचा इंग्लंडचा आणि प्रारंभी क्रिकेटचा वार्ताहर होता. फलंदाजाची सरासरी काढण्याची कल्पना बेसबॉलमध्ये रुजली ती क्रिकेटच्याच संस्कारातून. पुढे मात्र बेसबॉलने एक पाऊल अधिक टाकले. या खेळात क्षेत्ररक्षणाची नऊ स्थाने निश्चित असतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहणारा शॉर्टस्टॉप आणि फलंदाजामागे बसणारा कॅचर यांची कामे अत्यंत कठीण, तर पहिल्या बेसवरील खेळाडूचे काम त्या मानाने सुकर समजले जाते. कठीण स्थान सांभाळू शकणारे खेळाडू थोडे असल्याने त्यांच्याकडून फलंदाजीची अपेक्षा कमी ठेवली जाते. एखादा शॉर्टस्टॉप पहिल्या बेसवरील खेळाडूइतकीच फलंदाजी करीत असेल, तर संघाच्या दृष्टीने त्याचे मोल अधिक ठरते.

हे तत्त्व तेथील पारितोषिकांतही उतरले आहे. उत्कृष्ट क्षेत्ररक्षणासाठीचे गोल्ड ग्लव्ह पारितोषिक १९५७ पासून, तर उत्कृष्ट फलंदाजीसाठीचे सिल्व्हर स्लगर पारितोषिक १९८० पासून प्रत्येक स्थानासाठी स्वतंत्रपणे दिले जाते. बेसबॉलच्या अभ्यासकांनी याला ‘बदली खेळाडूची पातळी’ या संकल्पनेची जोड दिली. खेळाडू किती चांगला आहे, एवढेच विचारून ते थांबत नाहीत. तो नसता तर त्याच स्थानावर सहज उपलब्ध होणाऱ्या दुसऱ्या खेळाडूने काय केले असते, हेही ते विचारतात. या दोहोंतील फरक हे त्या खेळाडूचे खरे योगदान होय.

३. विदर्भ संघाचा २०२४-२५ चा हंगाम

विदर्भाने रणजी करंडक २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ या तीन हंगामांत जिंकला. यांपैकी शेवटच्या हंगामातील फलंदाजीचे आकडे पाहण्यासारखे आहेत. यश राठोड याने ५३.३३ च्या सरासरीने ९६० धावा केल्या आणि तो स्पर्धेत सर्वाधिक धावा करणारा फलंदाज ठरला. करुण नायर याने ५३.९३ च्या सरासरीने ८६३, दानिश मालेवार याने ५२.२० च्या सरासरीने ७८३, तर कर्णधार व यष्टिरक्षक अक्षय वाडकर याने ४५.१२ च्या सरासरीने ७२२ धावा केल्या.

एकूण धावांच्या यादीत राठोड पहिला आणि नायर दुसरा येतो. सरासरीची यादी केल्यास नायर राठोडच्या पुढे जातो. म्हणजे निकष बदलताच क्रम बदलतो. परंतु या दोन्ही याद्यांत वाडकर चौथाच राहतो. त्याने प्रत्येक सामन्यात यष्टिरक्षणाचा आणि नेतृत्वाचा भार वाहिला, याची दखल यांपैकी कोणतीही यादी घेत नाही. वाडकरची तुलना राठोडशी न करता स्पर्धेतील अन्य संघांच्या यष्टिरक्षकांशी केली, तरच ४५.१२ या आकड्याचा अर्थ लागू शकतो.

हर्ष दुबे याचे उदाहरण याहून बोलके आहे. या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने त्याच हंगामात १६.९८ च्या सरासरीने ६९ बळी घेतले आणि २९.७५ च्या सरासरीने ४७६ धावाही केल्या. केवळ फलंदाजांच्या यादीत त्याचे नाव बरेच खाली दिसेल. गोलंदाजांच्या गटात मात्र या ४७६ धावा ही संघाला लाभलेली मोठी भर ठरते. स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला मिळाला, त्यामागे ही दुहेरी कामगिरी होती.

स्थान म्हणजे केवळ धावफलकावरील क्रमांक नव्हे, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते. केरळविरुद्ध नागपूर येथे झालेल्या अंतिम सामन्यात विदर्भाच्या पहिल्या डावात दर्शन नळकांडे या वेगवान गोलंदाजाला तिसऱ्या क्रमांकावर पाठविण्यात आले होते. संघाची अवस्था ३ बाद २४ अशी झाल्यावर मालेवार (१५३) आणि नायर (८६) यांनी २१५ धावांची भागीदारी केली. नळकांडेची गणना तिसऱ्या क्रमांकाच्या फलंदाजांत करणे जसे अयोग्य, तसेच मालेवार व नायर यांना त्या डावात ‘निवांतपणे खेळणारी मधली फळी’ समजणेही अयोग्य होय. म्हणून वर्गीकरण करताना हंगामभरातील नेहमीची भूमिका हाच आधार धरावा आणि अपवादात्मक डावांची नोंद स्वतंत्रपणे ठेवावी.

४. प्रतिस्पर्ध्याचा दर्जा आणि सामन्यांची संख्या

समान स्थानावरील खेळाडूंची तुलनाही प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा पाहिल्याशिवाय पूर्ण होत नाही. रणजीच्या एका हंगामात सर्वाधिक बळी घेण्याचा बिशनसिंग बेदी यांचा १९७४-७५ मधील ६४ बळींचा विक्रम २०१८-१९ मध्ये बिहारच्या आशुतोष अमन याने ६८ बळी घेऊन मोडला. दुबेने पुढे तोही मागे टाकला. हे तिघेही डावखुरे फिरकी गोलंदाज असल्याने स्थानाचा प्रश्न येथे उद्भवत नाही. अमनने ८ सामन्यांत ६.४८ च्या सरासरीने, म्हणजे सामन्यामागे ८.५ बळी घेतले. दुबेचे सामन्यामागील बळी ६.९ भरतात. नुसत्या आकड्यांच्या आधारे अमन सरस ठरतो. परंतु अमनचे बळी प्लेट गटातील होते आणि त्या गटात बहुतांश नव्याने प्रवेश मिळालेले संघ होते. त्या हंगामात प्लेट गटात अव्वल ठरलेल्या उत्तराखंडला उपांत्यपूर्व फेरीत विदर्भाने एक डाव व ११५ धावांनी हरविले. दोन गटांच्या पातळीतील अंतराची कल्पना यावरून येते.

फलंदाजीतही त्याच हंगामात असेच घडले. प्लेट गटात सिक्कीमकडून खेळताना मिलिंद कुमार याने १२१.०० च्या सरासरीने १३३१ धावा केल्या. विदर्भाच्या वसीम जाफर याने बलाढ्य संघांच्या एलिट गटात ६९.१३ च्या सरासरीने १०३७ धावा केल्या. येथे मिलिंद कुमारचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. दुबळ्या गोलंदाजीविरुद्ध धावा सोप्या होतात, त्याचप्रमाणे दुबळ्या संघात दुसऱ्या टोकाला साथ मिळत नाही. दोन्ही बाजू नोंदवूनच निष्कर्ष काढावा.

सामन्यांची संख्या हाही कळीचा मुद्दा होय. रजनीश गुरबानी या वेगवान गोलंदाजाने २०१७-१८ मध्ये ६ सामन्यांत १७.१२ च्या सरासरीने ३९ बळी घेतले. दुबेचे ६९ आणि गुरबानीचे ३९ हे अंतर मोठे वाटते; परंतु सामन्यामागे बळींचे प्रमाण अनुक्रमे ६.९ आणि ६.५ असे आहे, आणि सरासरीही जवळपास सारखीच आहे.

५. गणनाची एक सोपी रीत

महाविद्यालयीन पातळीवर संगणकीय प्रणाली उपलब्ध नसली, तरी पुढील दोन पायऱ्या कागदावरही करता येतात. येथील आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी कल्पिलेले आहेत.

पहिली पायरी स्थाननिर्देशांकाची. स्पर्धेतील सर्व सलामीवीरांची एकत्रित सरासरी २६ आहे आणि पाचव्या क्रमांकाच्या फलंदाजांची ३६ आहे, असे मानू. सलामीवीर ‘अ’ ची सरासरी ३४ आणि पाचव्या क्रमांकावरील ‘ब’ ची ३८ असेल, तर प्रथमदर्शनी ‘ब’ पुढे दिसतो. खेळाडूच्या सरासरीला त्याच्या स्थानाच्या सरासरीने भागल्यास मात्र ‘अ’ चा निर्देशांक १.३१ आणि ‘ब’ चा १.०६ येतो. ‘अ’ आपल्या स्थानाच्या सर्वसाधारण पातळीहून सुमारे ३१ टक्के, तर ‘ब’ केवळ ६ टक्के वर आहे. गोलंदाजीत कमी सरासरी चांगली असल्याने तेथे गटाच्या सरासरीला खेळाडूच्या सरासरीने भागावे.

दुसरी पायरी अल्पसंख्य डावांच्या दुरुस्तीची. एकाच स्थानावरील दोन फलंदाजांपैकी ‘क’ तीन वेळा बाद झाला आणि त्याच्या १८० धावा आहेत. ‘ड’ बारा वेळा बाद झाला आणि त्याच्या ४८० धावा आहेत. सरासरी अनुक्रमे ६० आणि ४० येते. तीन डावांत दैवाचा वाटा मोठा असतो, म्हणून प्रत्येकाच्या खात्यात त्या स्थानाच्या सरासरीने खेळलेले दहा डाव मिळवावेत. ती सरासरी २५ असल्यास प्रत्येकाच्या धावांत २५० आणि बाद होण्याच्या संख्येत १० मिळवावे लागतील. ‘क’ ची सुधारित सरासरी ४३० भागिले १३ म्हणजे ३३.०८, तर ‘ड’ ची ७३० भागिले २२ म्हणजे ३३.१८ येते. साठ आणि चाळीस यांतील ठळक अंतर जवळजवळ नाहीसे होते. दहा हा आकडा सोयीसाठी घेतला आहे. स्पर्धेच्या स्वरूपानुसार तो बदलता येतो, परंतु तो निवडीपूर्वी ठरवावा आणि सर्वांना सारखाच लावावा.

६. महाविद्यालयीन निवडीच्या संदर्भात

संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ हे पाच जिल्हे येतात. बुलढाणा जिल्हा विद्यापीठाच्या पश्चिम टोकाला आहे आणि विदर्भ क्रिकेटचे केंद्र असलेले नागपूर बुलढाण्यापासून तीनशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. मेहकर, लोणार किंवा सिंदखेड राजा येथील विद्यार्थ्याचा प्रत्येक डाव निवडकर्त्यांनी प्रत्यक्ष पाहावा, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. अशा विद्यार्थ्याच्या वतीने त्याची गुणवहीच बोलते. गुणवहीत केवळ धावा लिहिलेल्या असतील, तर नव्या चेंडूवर दीड तास टिकून काढलेल्या त्याच्या ३० धावा आणि थकलेल्या गोलंदाजीवर काढलेल्या दुसऱ्याच्या ३० धावा यांत भेद उरत नाही.

बाद पद्धतीच्या स्पर्धांत ही अडचण अधिक तीव्र होते. पहिल्याच सामन्यात पराभूत झालेल्या महाविद्यालयाच्या सलामीवीराला एखादाच डाव मिळतो. विजेत्या महाविद्यालयाचा फलंदाज चार-पाच डाव खेळतो. एकूण धावांची यादी म्हणजे येथे काही अंशी संघांच्या विजयांचीच यादी ठरते. वरील दुरुस्ती केल्यावरही एका डावावरून निर्णय होऊ शकत नाही. अशा खेळाडूंना निवड चाचणीस बोलावणे हाच न्याय्य मार्ग होय.

यासाठी प्रत्येक डावाच्या नोंदीत फलंदाजीचा क्रमांक, मैदानात उतरताना संघाची धावसंख्या व बाद गडी, खेळलेले चेंडू, प्रतिस्पर्धी संघ आणि यष्टिरक्षण केले असल्यास झेल, यष्टिचीत व सुटलेल्या संधी यांचे रकाने असावेत. कबड्डीत पकडींच्या एकूण संख्येबरोबर पकडीचे प्रयत्नही नोंदवावेत. वीस प्रयत्नांत दहा यशस्वी पकडी करणारा आणि चाळीस प्रयत्नांत बारा पकडी करणारा यांत दुसऱ्याची संख्या मोठी असली, तरी संघाला तो अधिक महाग पडलेला असतो.

७. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, हंगामी आकडेवारीवरून लावलेली क्रमवारी स्थान, प्रतिस्पर्ध्याचा दर्जा आणि डावांची संख्या या तीन बाबींचा विचार केल्यानंतरच तुलनायोग्य होते. या दुरुस्त्यांनंतरही क्षेत्ररक्षणातील चपळता, नेतृत्व आणि कठीण प्रसंगीचा संयम यांचे मोजमाप अपुरेच राहते. म्हणून क्रमवारीने निवड समितीच्या विवेकाची जागा घेऊ नये. मात्र ज्या खेळाडूचा निर्देशांक वरचा आहे आणि तरीही ज्याची निवड झालेली नाही, त्याच्याबाबत समितीने लेखी कारण नमूद करावे, एवढा दंडक महाविद्यालयांना व विद्यापीठाला सहज घालून घेता येईल. त्यासाठी लागणारी सामग्री म्हणजे काळजीपूर्वक लिहिलेली गुणवही होय. आणि ती लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास प्रशिक्षण देण्याचे काम शारीरिक शिक्षण आणि संख्याशास्त्र या दोन विभागांनी मिळून हाती घेणे उचित ठरेल.