शून्याखालची गाडी

उन्हाळा चढू लागला की उजनीच्या काठावर टपरीवरच्या चहाबरोबर एक प्रश्न ठरलेला असतो : "किती मायनस?" बाहेरच्या माणसाला हे कोडं वाटतं. धरणात पाणी दिसतंय, बोटी चालल्यात आणि लोक म्हणतात धरण शून्याच्या खाली गेलं. उलगडा साधा आहे. भीमेवरच्या या धरणात एकूण ११७ टीएमसी पाणी मावतं, पण त्यातला जेमतेम ५४ टीएमसी उपयुक्त साठा. उरलेला निम्म्याहून जास्त साठा मृत धरलेला. उपयुक्त पाणी संपलं की आकडा शून्य होतो आणि मग वजा मोजायला सुरुवात. म्हणजे उजनीत शून्य म्हणजे रिकामं नव्हे. मात्र शून्याखालचं पाणी कालव्याने आपोआप शेतात येत नाही. ते हवं असेल तर पाइप वाढवायचे, केबल ओढायची आणि मोटारी पाण्याच्या मागे मागे खाली न्यायच्या. करमाळा-माढ्यापासून इंदापूरपर्यंत काठचे शेतकरी दर टंचाईत हेच करतात.

गंजून उभ्या राहिलेल्या जुन्या गाडीचं काय करावं, हा प्रश्न पडला की मला हा मृतसाठा आठवतो. आणि जुनी गाडी म्हणजे कुठलीही नाही. ज्या गाडीत माणसं राहिली, जेवली, झोपली आणि जिने रात्री गावाला सिनेमा दाखवला, ती टूरिंग टॉकीजची गाडी.

परदेशात जिला 'मोटरहोम' म्हणतात ती सुट्टी घालवायला निघालेल्या कुटुंबाची चैन. आपल्याकडे चाकावरचं घर ही पोटापाण्याची सोय होती, आजही आहे. कारखाना सुरू झाला की ऊसतोडीचं बिऱ्हाड बैलगाडीवर किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत येतं, फडाजवळ कोपी घालतं. तमाशाचा फड नारायणगावातून निघतो तो कनाती, पेट्या, भांडीकुंडी ट्रकमध्ये भरूनच. आषाढीला तुकोबांची पालखी इंदापूर, सराटीवरून अकलूजकडे उतरते तेव्हा दिंड्यांचे ट्रक पुढे जाऊन तळावर राहुट्या ठोकतात, चुली पेटवतात. टूरिंग टॉकीजची गाडी याच घराण्यातली. फरक एवढाच की तिच्या पोटात एक यंत्र होतं.

ते यंत्र म्हणजे पस्तीस मिलिमीटरचा प्रोजेक्टर. ओतीव लोखंडाचा, रोज उचलून ठेवता येणार नाही असा. म्हणून तो हौद्यातच पक्का बसवायचा. जत्रेच्या मैदानात तंबू उभा राहिला की गाडी मागे घेऊन तंबूच्या कडेला लावायची. हौद्यातून निघालेला उजेडाचा झोत लोकांच्या डोक्यावरून समोरच्या पडद्यावर पडायचा. फिल्म मिनिटाला ९० फूट या वेगाने पळते. दोन हजार फुटांचं एक रीळ बावीस मिनिटांत संपतं आणि तीन तासांच्या चित्रपटाला अशी आठ रिळं लागतात. दिव्याच्या जागी कार्बनच्या दोन कांड्या. त्या जळत जातील तसतसं त्यांच्यामधलं अंतर सांभाळत राहायचं, नाहीतर पडद्यावर अंधार आणि मैदानात शिट्ट्या. खेळ संपला की त्याच हौद्यात, प्रोजेक्टरशेजारी अंथरूण. सकाळी फाळका खाली सोडला की तोच ओटा, गाडीची सावली तीच पडवी.

हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू व्हायचा आणि पुढच्या पावसापर्यंत चालायचा. यात्रांची तिथी ठरलेली, त्यामुळे गाडीचा रस्ताही पंचांगाने ठरलेला. सोलापूर जिल्ह्यातच पाहा : कार्तिकात करमाळ्याच्या कमलाभवानीची यात्रा, संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, आणि चैत्र-वैशाखात गावोगावच्या देवांच्या जत्रा. ज्या गावात पक्कं थिएटर कधी झालंच नाही, त्या गावाला वर्षातून एकदा जमिनीवर बसून सिनेमा दिसायचा.

हे सगळं कॅमेऱ्यात सापडलं ते अगदी शेवटच्या घटकेला. अमित मधेशिया यांच्या तंबू-सिनेमाच्या छायाचित्रांना २०११ साली वर्ल्ड प्रेस फोटो पुरस्कार मिळाला. शर्ली अब्राहम आणि मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या टूरिंग टॉकीजच्या मागे काही वर्षं फिरून केलेला 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला, तिथे त्याची खास दखल घेतली गेली. त्याआधी २०१३ मध्ये गजेंद्र अहिरे यांचा 'टूरिंग टॉकीज' हा मराठी चित्रपट येऊन गेला होता. योगायोग असा की त्याच वर्षी फुजीफिल्मने चित्रपटांच्या फिल्मचं उत्पादन जवळपास बंद केलं. रिळांच्या पेट्या येणं थांबलं, सिनेमा डिजिटल झाला. आजचा प्रोजेक्टर मोटारसायकलवर बांधून नेता येतो. ज्या वजनापायी ट्रक लागत होता ते वजनच गेलं, आणि गाड्या जिथे शेवटच्या थांबल्या तिथेच उभ्या राहिल्या.

आता समजा, अशी एखादी गाडी उजनीकाठच्या एखाद्या गावठाणात लिंबाखाली उभी आहे आणि घरात दोन मतं आहेत. एक म्हणतो भंगारात किलोने घाला, दुसरा म्हणतो आजोबांची आठवण आहे, पुन्हा चालू करू. दोघांनीही आधी गाडीखाली शिरावं.

पहिली तपासणी चेसीची. हातोडीने ठोकत जायचं. खणखणीत आवाज आला तर लोखंड शाबूत, भदभद आला तर आतून पापुद्रे सुटलेत. रिव्हेटच्या भोवती आणि आडव्या पट्ट्यांच्या सांध्यांत गंज आधी लागतो. इथली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे वर्षानुवर्षं उभी गाडी एका बाजूला कलून चेसीला पीळ पडलेला असू शकतो. दोरी लावून कोपऱ्याचं कोपऱ्याला माप घेतलं की तो कळतो. चेसी गेली असेल तर पुढचं बोलणं संपलं.

दुसरं इंजिन. उत्साहाच्या भरात बॅटरी जोडून स्टार्टर मारणं ही सगळ्यात महागडी चूक. नोझल काढून सिलिंडरमध्ये थोडं थोडं तेल सोडायचं, चार-आठ दिवस मुरू द्यायचं आणि मग हाताने फिरवून पाहायचं. फिरलं तर नशीब. नाही फिरलं तरी लाइनर-पिस्टन बदलून इंजिन बांधणारे मिस्त्री अजून आहेत. आणि इंजिन सुरू होण्याच्या आधी ब्रेक झाले पाहिजेत. उभ्या गाडीतलं सगळं रबर मेलेलं असतं, आणि न चालणाऱ्यापेक्षा न थांबणारी गाडी वाईट.

तिसरी गोष्ट गाडीची जात. नाकाडावर मर्सिडीजचा तारा असेल तर ती टाटा आणि डाइम्लर-बेंझ यांच्या करारातली. तो करार १९५४ चा. १९६९ मध्ये तो संपला आणि ताऱ्याच्या जागी टाटांचं 'टी' आलं. टाटाचे भाग धुंडाळले तर मिळतात. कुर्ल्यात प्रीमियरने बनवलेली फार्गो किंवा हिंदुस्तान मोटर्सची बेडफोर्ड असेल तर एकेका भागासाठी जुने बाजार पालथे घालावे लागतील.

चौथी गोष्ट कागद, आणि इथेच बहुतेकांची निराशा होते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांपुढच्या जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं दिली. पण ती सवलत दुचाकींना आणि खासगी वापराच्या चारचाकी मोटारींना आहे. मालट्रक तिच्यात बसत नाही. हौद्यात खोली बांधून 'कॅम्पर' करायचं म्हटलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. नोंदणीत लिहिलेल्या रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं आणि भिगवणच्या रोहित पक्ष्यांमुळे उजनीच्या पाणवठ्यावर गाडीत मुक्काम करणारे पर्यटक येतीलही. मात्र ते नव्या, मंजूर नमुन्याच्या गाड्यांतून येतील. पंधरा वर्षांपुढच्या ट्रकच्या पासिंगचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून कितीतरी पटींनी वाढलं, ते निराळंच.

मग रस्त्यावर आणायचीच कशाला? मला वाटतं, एका अटीवर आणावी : तिला वर्षातून ठरलेलं काम असेल तर. गावच्या दिंडीचं सामान वाहायला ती दरवर्षी निघणार असेल, चेसी खणखणीत असेल आणि पासिंग होत असेल, तर तिच्यावर घातलेला पैसा तिच्या घराण्याला शोभेल. नुसती एकदा सुरू करून, नवा रंग मारून, फोटो काढून पुन्हा लिंबाखाली लावायची असेल तर तो पैसा वाया. आणि तो नवा रंग तर मुळीच नको. पत्र्यावर पेंटरने हाताने काढलेलं टॉकीजचं नाव हाच तिचा जन्मदाखला आहे. तो खरवडला की उरतो एक जुना ट्रक.

न चालणारी गाडी जपणं यात कमीपणा नाही. उजनीच्या पाण्यानेच हे शिकवलं आहे. धरण झालं तेव्हा पळसदेवचा देव नव्या गावठाणात आला आणि पळसनाथाचं जुनं देऊळ पाण्यात राहिलं. पाणी खाली गेलं की ते दगडी देऊळ उघडं पडतं आणि लोक मुद्दाम वाट वाकडी करून ते पाहायला जातात. तिथे रोजची पूजा नाही म्हणून कुणी त्याला दगडांचा ढीग म्हणत नाही. गाडीचंही तसंच. सिनेमा नव्या जागी गेला. देऊळ उरलं आहे.

म्हणून माझा कौल सरळ आहे. चेसी गेली असेल तर चालवण्याचा नाद सोडा, भंगारवाल्यालाही थांबवा. चाकं काढून गाडी लाकडी ठोकळ्यांवर घ्या म्हणजे काळी माती तिला गिळणार नाही. प्रोजेक्टर आहे तिथेच राहू द्या, त्याच्या चक्रांना तेल द्या. वर्षातून एकदा, गावच्या जत्रेच्या रात्री, त्याच हौद्यात आजचा छोटा प्रोजेक्टर ठेवा आणि समोर पडदा बांधा. शाळेच्या पोरांना जमिनीवर बसवा. यासाठी इंजिन लागत नाही, पासिंगही लागत नाही.

पण या सगळ्याच्या आधी दोन कामं आहेत, आणि दोन्हीला घाई आहे. गाडीवर राबलेला ऑपरेटर, ड्रायव्हर, तिकीट फाडणारा माणूस हयात असेल तर त्याला गाडीजवळ बसवून बोलतं करा. कुठल्या जत्रेला कुठला रस्ता, कार्बन कुठून यायचे, रात्री प्रेक्षक खवळले तेव्हा काय केलं, हे त्याच्याच तोंडून मोबाइलमध्ये उतरवून घ्या. हा साठा शून्याखालचा आहे. कुणी उपसला नाही तर तो जागीच आटेल. दुसरं काम त्याहून सोपं : मृग लागायच्या आत गाडीवर चार पत्र्यांचं छप्पर घाला. दुरुस्त करायची की नाही याचा वाद मग सावकाश, त्याच छपराखाली बसून घालता येईल.