न झालेला निवाडा

समजा, कुरखेडा तालुक्यातल्या एखाद्या गावाची ग्रामसभा सामूहिक वनहक्काचा दावा लिहायला बसली आहे. तेंदूपान कुठे तोडतो, मोह कुठे वेचतो, देवाचे ठाणे कुठे आहे, हे म्हाताऱ्यांनी सांगून झाले आहे. शिकलेला पोरगा मोबाईल काढतो आणि एआयला सांगतो, ‘हे कायद्याच्या भाषेत लिहून दे, न्यायालयाचे दोन निकालही टाक.’ अर्ध्या मिनिटात मजकूर येतो. भाषा वकिली, कलमे जागच्या जागी, निकालांना नाव, वर्ष, परिच्छेद क्रमांक. फक्त त्यातला एक निकाल कधी झालेलाच नसतो.

हे चित्र कल्पनेतले आहे. चूक मात्र घडलेली आहे. मुंबईत एका कंपनीने सुमारे ३ कोटी ९ लाखांचे उत्पन्न दाखवले होते. प्राप्तिकर खात्याने ते सुमारे २७ कोटी ९१ लाख ठरवले, आणि त्यासाठी आधार घेतलेले तीन निकाल अस्तित्वातच नव्हते. ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द करून प्रकरण फेरनिर्णयासाठी परत पाठवले. यंत्राने पुढे केलेल्या निकालांवर डोळे झाकून विसंबू नका, ते पडताळून घ्या, अशी समजही दिली. त्याआधी, जून २०२३मध्ये, न्यूयॉर्कच्या न्यायालयाने अशाच बनावट निवाड्यांसाठी दोन वकिलांना व त्यांच्या कार्यालयाला मिळून ५,००० डॉलर दंड केला होता. त्यांतल्या एकाने यंत्रालाच विचारले होते, ‘हा खटला खरा आहे ना?’ यंत्राने ‘हो’ म्हटले होते.

यंत्र खोटे बोलते, असे म्हणणेही बरोबर नाही. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येतो, हे ते अफाट मजकुरातून शिकलेले असते. निकालाचा साचा ठरलेला असल्यामुळे तो त्याला उत्तम जमतो. पण तो निकाल खरोखर झाला का, याची नोंदवही त्या साच्यात नसते. शोधयंत्र जोडले की चुका कमी होतात, संपत नाहीत. मग कधी खऱ्याच निकालाच्या तोंडी त्याने न म्हटलेले वाक्य घातले जाते.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. ‘झुडपी जंगल’ हे कुणाला नुसते वर्णन वाटेल. पूर्व विदर्भात ती महसुली दप्तरातली नोंद आहे, आणि अशी जमीन वनच मानावी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५मध्ये दिला. ‘निस्तार’ हा शब्दही असाच, मध्य प्रांताच्या जुन्या कारभारातून आलेला. असे शब्द ज्या मजकुरात वापरले जातात, तो संगणकावर थोडाच आहे. तिथे यंत्र अंदाज बांधते आणि तो ठाम सुरात सांगते.

कंपनीकडे वकील होते, उच्च न्यायालय गाठण्याची ऐपत होती. ग्रामसभेच्या दाव्यात एक निकाल खोटा निघाला, तर शेजारच्या खऱ्या पुराव्याकडेही संशयाने पाहिले जाईल. उलटही होऊ शकते. दावा नाकारणाऱ्या पत्रातच असा निकाल आला, तर तो ओळखणार कोण? उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे जायला मुदत साठ दिवसांची आहे.

वनहक्क कायदा २००६चा. त्याच्या नियमांत २०१२मध्ये एक तरतूद आली: उपग्रहचित्रे आणि इतर तंत्रज्ञान पुराव्याला पूरक ठरेल, पुराव्याची जागा घेणार नाही. तेव्हा एआय कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हते, पण तोच दंडक त्यालाही लावता येतो. मसुदा यंत्राने करावा, शुद्धलेखन तपासावे. पण प्रत्येक निकालाचा क्रमांक न्यायालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर शोधावा, मूळ प्रत उघडून तो परिच्छेद वाचावा, कलम राजपत्रातल्या मजकुराशी ताडून पाहावे. जे सापडले नाही, ते काढून टाकावे. निकाल कमी असल्याने दावा पडत नाही. नियमांनी मागितला आहे तो पुरावा.

त्या पुराव्यात दावेदारांखेरीज इतर वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही येतात. म्हणून यंत्राचा हात तिथे मुळीच लागू देऊ नये. ‘त्या नाल्यापलीकडच्या मोहाखाली माझी आजी वेचायची’ या वाक्याचे यंत्र सहज ‘आम्ही परंपरेने गौण वनोपज संकलित करतो’ असे करील. वाक्य शुद्ध होईल. नाला जाईल, झाड जाईल, आजी जाईल. आणि हक्क सिद्ध होतो तो त्या नाल्यावरून आणि त्या झाडावरून. पडताळणीला समिती आली, की म्हातारा तिला तिथेच घेऊन जाणार असतो.