घोडा तयार आहे का?

पावसाळा संपला की शर्यतींचा मोसम पुण्याहून मुंबईत येतो आणि महालक्ष्मीच्या ट्रॅकवर पहाटेपासून स्टॉपवॉच चालू होतात. सरावाच्या वेळा शौकिनांसाठी छापून येतात : ८०० मीटर ५१ सेकंद, ६०० मीटर ३८ सेकंद, आणि पुढे एक शब्द, ‘सहज’ किंवा ‘रेटून’. जाणकाराची नजर आधी त्या शब्दावर जाते. लगाम आवरलेला असताना घेतलेले ३८ सेकंद आणि जॉकीने सगळा जोर लावून काढलेले ३८ सेकंद यांत फार फरक आहे.

तयारीची पहिली परीक्षा दमाची. उभ्या घोड्याचं हृदय मिनिटाला साधारण ३० ते ४० ठोके देतं. भरधाव धावताना हाच आकडा २२० च्या वर जातो. प्लीहा साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते, आणि प्रत्येक ढांगेसरशी एक श्वास असा ताल धरला जातो. म्हणून ट्रेनर धावून आलेल्या घोड्याच्या नाकपुड्या आणि बरगड्यांमागची कूस पाहत राहतो. धाप लवकर बसली तर काम अंगी लागलंय. नेहमीपेक्षा वेळ लागला, तर शर्यत लांबवणंच शहाणपणाचं.

पण दम येतो लवकर, हाड घट्ट व्हायला वेळ लागतो. गोम इथेच आहे. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत सराव पेलू लागतात; हाडं आणि कंडरा मागे राहतात. कोवळ्या घोड्यांच्या पुढच्या पायांच्या नळ्या दुखू लागतात त्या यामुळेच. शर्यतीत अचानक मोडल्यासारखा दिसणारा पाय पुष्कळदा आधीपासून सूक्ष्म तड्यांनी कमजोर झालेला असतो.

हे तडे घोडा बोलून दाखवत नाही. मूळचा भक्ष्य होणारा प्राणी. दुखणं लपवण्याकडेच त्याचा कल. त्यामुळे तबेल्यातल्या मोतद्दाराचा शब्द मोलाचा ठरतो. सकाळी आधी गव्हाण पाहायची : रात्रीची चंदी संपली का? मग ताप, ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास ठीक. मग गुडघ्याखाली मागच्या बाजूच्या कंडरेवरून तळहात खाली न्यायचा, तसाच दुसऱ्या पायावरून. एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित गरम लागला, बोटाखाली जराशी सूज जाणवली, की त्या दिवशीचा गॅलप रद्द व्हायला हवा.

पॅडॉकमध्ये प्रेक्षकालाही बरंच दिसतं. कांतीवरची झळाळी, शेवटच्या बरगड्यांची पुसट रेघ, मागच्या मांडीवर उठून दिसणारे स्नायू, मोकळी ढांग. मात्र यातलं एकही लक्षण एकटं पुरत नाही. मुंबईच्या उकाड्यात मानेवर आलेला घाम वेगळा आणि थंड सकाळी मांड्यांमधून फेसाळणारा घाम वेगळा. एखादा घोडा दर वेळी नाचतच पॅडॉकमध्ये येतो. तो शांत उभा राहिला, तर काळजी करावी. तुलना करायची ती त्याच घोड्याच्या कालच्या रूपाशी.

जपानमध्ये शर्यतीआधी प्रत्येक घोड्याचं वजन आणि मागच्या शर्यतीपासूनचा फरक जाहीर होतो. तरी आकडा चकवतो. १९९३ च्या अरिमा किनेन शर्यतीत तोकाई तेइओ जवळपास वर्षभराच्या खंडानंतर, १४ किलो जास्त वजनाने उतरला. अनेकांनी त्याला मोडीत काढलं होतं. तो जिंकला.

गेल्या काही वर्षांत यंत्रांनी हात आणि नजर यांच्या पलीकडे पाहायला सुरुवात केली आहे. २०२० च्या मेलबर्न कपमध्ये इंग्लिश डर्बी जिंकलेला अँथनी व्हॅन डाइक पाय मोडल्याने गमावला, आणि पुढच्या वर्षापासून परदेशी घोड्यांना स्कॅनच्या कडक अटी लागू झाल्या. २०२४ मध्ये याच तपासणीत सेंट लेजर विजेता, तोवर अपराजित असलेला यान ब्रुगेल अडला. पशुवैद्यांनी इजेचा धोका जास्त असल्याचं सांगून त्याला बाहेर ठेवलं. घोडा ठणठणीत आहे, असं म्हणत ट्रेनर एडन ओब्रायन यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली.

२०२५ च्या जूनमध्ये एप्समला हाच घोडा कॉरोनेशन कप जिंकला. पशुवैद्य चुकले, असं त्यावरून म्हणता येणार नाही. स्कॅन धोक्याची शक्यता सांगतो, भविष्य नाही, आणि मधल्या महिन्यांची विश्रांतीही हिशेबात धरावी लागते. एक कप हुकला, घोडा राहिला. महालक्ष्मीला फेब्रुवारीत डर्बीचे २४०० मीटर धावणाऱ्या प्रत्येक चार वर्षांच्या घोड्यासाठीही हाच सौदा मान्य व्हायला हवा.