शेतीशाळेत आधी खेळ, मग कीड

शेतीशाळा म्हटली की डोळ्यांसमोर काय येते? समाजमंदिरात अंथरलेली सतरंजी, पुढे साहेबांची खुर्ची, पहिल्या रांगेत सरपंच, पोलीस पाटील आणि गावातले प्रगतिशील शेतकरी. महिला एका कोपऱ्यात. आणि ज्याच्या पाठीवर हंगामभर फवारणीचा पंप असतो तो गडी दाराशी, चपला काढायच्या जागी. बोलतात चौघेच. बाकीचे माना हलवतात आणि चहा झाला की उठतात. माहिती दिल्याची नोंद वहीत होते. ती पोहोचली किती, हे फवारणी सुरू झाल्यावरच कळते.

यावर एक बिनखर्ची उपाय आहे. बैठकीच्या सुरुवातीला पाच मिनिटांचा खेळ. "आम्ही काय बालवाडीत आलो का?" असे म्हणून काहीजण नाक मुरडतील. पण खेळ हे शेतीशाळेत मागाहून जोडलेले ठिगळ नव्हे. इंडोनेशियात भातावर फवारण्या वाढल्या, मित्रकीटक मेले आणि तपकिरी तुडतुडे उलट माजले. १९८६ साली तिथल्या सरकारने भातावर ५७ कीटकनाशकांना बंदी घातली आणि १९८९ पासून जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने शेतीशाळा सुरू झाल्या. पंचवीस-तीस शेतकरी, दर आठवड्याला बांधावर, किडी मोजायच्या, चित्र काढायचे, चर्चा करायची. आणि त्यातच गटाचा एक खेळ. आपल्याकडच्या शेतीशाळेच्या वेळापत्रकातही सांघिक खेळ असतो. वेळ कमी पडला की पहिली काट त्यालाच बसते, ही गोष्ट वेगळी.

यातले बरेच खेळ नाटकवाल्यांकडचे आहेत. अमेरिकेत शिकागो शहरात व्हायोला स्पोलिन या बाईंनी परदेशातून आलेल्या कुटुंबांच्या मुलांसाठी, भाषेची अडचण आड येऊ नये म्हणून, असे खेळ बसवले. १९६३ साली त्यांचे पुस्तक निघाले. संवाद पाठ नाही, तयारी नाही, सुचेल ते करायचे. आपल्या तमाशातला सोंगाड्या वगात दुसरे काय करतो?

सर्वांत सोपा खेळ मोजणीचा. सगळ्यांनी गोल उभे राहायचे, खुर्च्या बाजूला, साहेबांचीसुद्धा. एकापासून वीसपर्यंत आकडे म्हणायचे, पण क्रम ठरलेला नाही. कुणीही पुढचा आकडा म्हणावा. दोघे एकदम बोलले की पुन्हा एकपासून. पहिल्या दोन-तीन खेपांना गाडी पाच-सहाच्या पुढे जात नाही, हशा पिकतो. मग माणसे थांबायला, एकमेकांकडे पाहायला लागतात. नेहमी बोलणाऱ्याला गप्प राहावे लागते आणि गप्प बसणाऱ्याच्या तोंडून निदान एक आकडा तरी निघतो. एकदा आवाज फुटला की पुढचा प्रश्न विचारायला जड जात नाही.

दुसरा खेळ "काय करता?" हा. एकाने कामाची मुकी नक्कल करायची, समजा पेरणीची. शेजाऱ्याने विचारायचे, "काय करता, भाऊ?" त्याने भलतेच सांगायचे, "म्हैस धुतो." मग शेजाऱ्याने म्हैस धुवायची. आमच्या भागातील कपाशीच्या एका शेतीशाळेत अशीच पाळी फिरत दाराशी बसणाऱ्या गड्यावर आली. त्याच्या वाट्याला आली फवारणी. एरवी विचारले तर "मी का सांगू जी, मालकाले इचारा" म्हणणारा माणूस. त्याने नक्कल मात्र हुबेहूब केली. बादलीत हात घालून औषध ढवळले, पंप पाठीवर घेतला, नोझल तुंबले तसे ते ओठाला लावून फुंकले, हात पॅन्टला पुसला आणि तंबाखू मळली.

सगळे हसले, आणि मग एकदम गप्प झाले. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते कुणी विसरलेले नाही. त्या दिवशीचा ठरलेला विषय होता बोंडअळीचे कामगंध सापळे. म्हणजे सलग तीन रात्री सापळ्यात रोज आठ पतंग सापडले तरच फवारणीचा विचार, वगैरे. तो अर्ध्या तासात उरकला. उरलेला वेळ गेला ढवळायला काठी, हातात मोजे, तोंडाला मास्क, वाऱ्याच्या दिशेने चालणे आणि नोझल पाण्याने, मऊ ब्रशने साफ करणे यात. "ब्रश कोन देते जी?" असे गड्याने सर्वांसमोर विचारले. मालक तिथेच उभे होते. घरातला जुना दात घासायचा ब्रश पंपाच्या पट्ट्याला बांधायचा, असे तिथल्या तिथे ठरले. नुसत्या भाषणाने हे बाहेर आले नसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

ग्रामसेवकांनाही हे जमण्यासारखे आहे. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. तिथे मोजणीचा खेळ करून पाहावा. मात्र काही पथ्ये पाळावीत. हात धरायचे, अंगाला स्पर्श होईल असे खेळ नकोत. कुणावर बळजबरी नको. म्हाताऱ्या माणसांनी बसूनच आकडा म्हटला तरी चालतो. चुकलेल्याला बाद करू नये, नाहीतर लाजरा माणूस पुढच्या वेळी येणारच नाही. गारपीट झालेल्या किंवा कुणी गेलेल्या गावात खेळाचे नावही काढू नये. आणि पाच मिनिटे म्हणजे पाचच. रंगात आलेला खेळ तिथेच तोडावा आणि लगेच शेतात चालायला लागावे, कारण ऊन चढल्यावर कपाशीच्या ओळीत किडी मोजायला कुणी थांबत नाही.